बुजऱ्या माणसानं सोंग कसं घ्यावं: घरच्या घरी रोल-प्लेइंग गेम आणि १५ मिनिटांचं लिखाण

आधीच सांगते, मी काही मोठी गेमर वगैरे नाही. सांगलीत एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, वय ३४, आणि तिशीपर्यंत माझी अवस्था अशी होती की फोन वाजला की तो उलटा करून ठेवायचा, वाजून वाजून बंद झाला की मग मेसेज टाकायचा, "अगं कामात होते, बोल ना". हॉटेलात भाजी खारट निघाली तर वेटरला सांगायचं खातं माझ्या बहिणीकडं. ऑफिसात एकदा महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, कुणाला काय बोलायचंय का, मला चांगलं माहीत होतं की दोन बिलांचा जीएसटी चुकीच्या महिन्यात धरलाय, पण आता सगळ्यांच्या माना आपल्याकडं वळणार एवढ्या विचारानंच घसा सुकला आणि मी पेनाचं टोपण काढ-घाल करत बसले. पुढं ती चूक माझ्याच नावावर आली हे वेगळं सांगायला नको.

तर हे त्या लोकांसाठी लिहितेय ज्यांना घरी आरशासमोर सगळं बोलता येतं आणि चारचौघांत फक्त "हं, हं" येतं.

आमच्या घरात हे खूळ मावसभावानं आणलं. त्याच्या हॉस्टेलवर पोरं डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायची. हा गेम १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी काढला. कॉम्प्युटर लागत नाही, मोबाईल लागत नाही. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होऊन बोलतात, आणि कुणी काही अवघड करायला गेलं की २० बाजूंचा फासा टाकून ते जमलं का फसलं ते ठरवतात. बस. ऐकल्यावर मी म्हटलं हे तर भातुकलीच की! आणि खरंच आहे ते, फरक एवढाच की भातुकलीत कधी कुणाचा डाव फसत नाही.

खरं तर सांगलीकराला ह्यात नवीन काय आहे सांगा. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथंच चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारी सीता स्वयंवर केलं, म्हणून तर आपण नाट्यपंढरी म्हणून मिरवतो. पण त्या नाटकांची एक गंमत लोकांना माहीत नसते. त्यात पदं लिहिलेली असायची, सूत्रधार ती म्हणून गोष्ट पुढं न्यायचा, आणि पात्रांनी आपापलं गद्य भाषण जागच्या जागी स्वतःच्या मनानं करायचं. पाठ केलेले डायलॉग नाहीत. आता बघा, सूत्रधार गोष्ट चालवतोय, पात्रं ऐनवेळी सुचेल ते बोलतायत, फक्त फासा तेवढा नाही. तमाशातली बतावणी पण तशीच. त्यामुळं गेम चालवणाऱ्याला आमच्यात कुणी गेम मास्टर म्हणत नाही, सूत्रधारच म्हणतो.

आता ह्यानं बुजरेपणा कसा कमी होतो ते. माझ्या मते (चार वर्षं खेळून झालेलं मत आहे, डॉक्टरकीचं नाही) बुजऱ्या माणसाला शब्दांची कमी नसते, त्याला भीती असते की मी बोललो आणि हसं झालं तर ते *माझं* हसं होणार. सोंग घेतलं की हसं त्या सोंगाचं होतं. तेवढ्या आडोशाला माणूस बोलून बघतो, आणि एकदा तोंडातून निघालेलं वाक्य तोंडाला सवयीचं होतं, मग ते कुणाच्या का नावानं निघेना. एकनाथांनी ४०० वर्षांपूर्वी भारुडात हेच केलंय, जोशी झाले, गोंधळी झाले, विंचू चावलेला माणूस झाले, आणि त्या त्या तोंडानं लोकांना जे सुनवायचं ते सुनवलं. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन म्हणून दोन संशोधकांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला, २००७ साली छापून आलेला एक प्रयोग पण मला फार आवडतो. त्यांनी लोकांना कॉम्प्युटरच्या आभासी जगात कुणाला उंच तर कुणाला बुटकं शरीर दिलं आणि पैशाच्या वाटणीचा एक खेळ खेळायला लावला. ज्यांना उंच शरीर मिळालं ते वाटणीत जास्त ताणून धरत होते, आणि बुटकं मिळालेले लोक अन्यायाची वाटणीसुद्धा मुकाट घेत होते. खऱ्या उंचीचा काही संबंध नाही हं! म्हणजे सोंग आपण घेतो पण थोडं ते पण आपल्याला घेतं.

बरं, आता करायचं कसं.

माणसं ४ किंवा ५ घ्या, सूत्रधार धरून. सहाव्याला पुढच्या वेळी बोलवा, कारण सहा झाले की बुजऱ्याला कोपरा मिळतो आणि तो तिथं आरामात लपतो, मी स्वतः लपलेली आहे. सगळेच जिगरी दोस्त नकोत आणि सगळेच अनोळखी पण नकोत. आमच्यात मी, मावसभाऊ, शेजारची एक शिक्षिका, एक मेडिकल दुकानवाले काका आणि डिप्लोमाचा एक पोरगा. रविवारी संध्याकाळी गच्चीवर, दोन तास, मध्ये चहा आणि भडंग. (भडंगाचं तेल कागदाला लागतं, कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, लांब ठेवा, आमची दोन पात्रं तेलानं गेलीत.)

२० बाजूंचा फासा ऑनलाईन मिळतो, पण त्याच्यासाठी अडून बसू नका. लुडोतला साधा फासा काढा. १-२ पडलं तर फसलं, ३-४ पडलं तर जमलं पण काहीतरी किंमत मोजावी लागली, ५-६ पडलं तर झोकात जमलं. एवढ्या नियमावर आम्ही पहिलं वर्ष काढलंय. मूळ गेमचे नियम हवेच असतील तर त्यांचा मूळ गाभा २०२३ पासून मोफत आणि खुल्या परवान्यात आहे, पण इंग्रजी पानांच्या पानं वाचण्यात हौस जिरते. आणि भाषा आपलीच ठेवा, हे मी हात जोडून सांगते. इंग्रजीत खेळायला गेलो तेव्हा आम्ही सगळेच इंटरव्ह्यूला बसल्यासारखे बोलत होतो. मराठीत आलो, त्यात परत "लई", "व्हय की", "काय करालाईस" असं घरचं सुरू झालं, आणि पोरगं खुललं.

जागा पण आपलीच घ्या. ड्रॅगन आणि किल्ले लागत नाहीत. आमची पहिली गोष्ट हरिपूरच्या पेवात घडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हरिपूर म्हणजे सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणेचा संगम आहे तिथं, आणि तिथं जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती, २००५ च्या पुरात पुष्कळ गेली. पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतं, हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरतो, म्हणून आधी दिवा खाली सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. आता ह्याच्यापेक्षा भारी भुयार कुठल्या परदेशी पुस्तकात मिळणार आहे? साताऱ्याकडचे असाल तर अजिंक्यतारा आहेच की डोक्यावर.

पात्र तयार करताना लोक एक चूक हमखास करतात, बुजरा माणूस एकदम तलवारबहाद्दर सरदार घेतो. मग दहा मिनिटांत त्याची पंचाईत होते, कारण सरदार कसा बोलतो हे त्याला सुचतच नाही, आणि तो परत गप्प. तुमच्यापेक्षा एकच पायरी धीट असलेलं माणूस घ्या. आणि त्याच्याबद्दल तीनच गोष्टी लिहा: त्याला काय हवंय, तो कशाला भितो, आणि त्याच्या तोंडी सारखं येणारं एक वाक्य. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. काही सुचेना झालं की ते वाक्य टाकायचं, तेवढ्यात पुढचं सुचतं. माझं पात्र होतं द्वारकाआत्या, पेवाची राखणदारीण, साठीची बाई, तंबाखू मळत बसणारी. तिचं वाक्य: "आधी दिवा सोडा, मग माणूस."

आता सूत्रधाराची कामं. पहिलं म्हणजे गप्प बसलेल्याला त्याच्या खऱ्या नावानं बोलवायचं नाही. "अरे तू पण बोल की काहीतरी" हे वाक्य आपण लहानपणापासून पाहुण्यांसमोर ऐकलंय आणि त्यानं आजवर एकही माणूस बोलता झालेला नाही. त्याला पात्राच्या नावानं हाक मारायची आणि नेमका प्रश्न विचारायचा. आमच्या डिप्लोमाच्या पोरानं घाटावरचा नावाडी घेतला होता. पहिले दोन रविवार त्यानं फक्त फासा टाकला, एक वाक्य नाही. तिसऱ्या रविवारी मावसभाऊ सावकार झाला, पाटलाचा माणूस घेऊन घाटावर आला आणि म्हणाला, "ए नावाड्या, पाणी चढालंय म्हणतात, पण आम्हाला आत्ताच पलीकडं जायचंय, किती घेतोस बोल." आणि थांबला. सूत्रधारानं थांबायला शिकलं पाहिजे, मनात १० आकडे मोजा, खोकू नका, मदत करू नका. आम्ही पण कुणी हललो नाही. पोरगं कागदाकडं बघत होतं, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मग हळूच म्हणालं, "नाव आज सुटणार नाही." सावकार म्हणाला, "दुप्पट देतो." "नाही म्हटलं नव्हं." आणि मान वर केली! मेडिकलवाल्या काकांच्या हातातला चहा तसाच. फासा टाकला तर पडला २, म्हणजे सावकारानं ऐकलं नाही, स्वतःच नाव ढकलून निघाला आणि मध्येच गोल गोल फिरायला लागला, मग त्याला वाचवायला ह्याच पोराला दोर टाकावा लागला आणि पुढचे वीस मिनिटं तो आम्हा सगळ्यांना ऑर्डरी सोडत होता, धर, ओढ, सोड, आत्या तुम्ही बाजूला व्हा.

इथं फासा का लागतो ते कळतं. डाव फसला तरी गोष्ट थांबत नाही, उलट तिथंच रंगते. बुजऱ्या माणसाच्या डोक्यात फसणं म्हणजे शेवट असतो. इथं तो दर रविवारी दहा वेळा फसतो आणि दहाही वेळा लोक म्हणतात, बरं मग पुढं काय केलंस?

खेळणाऱ्यांनी एक पथ्य पाळायचं, समोरच्यानं काही मांडलं की ते मोडायचं नाही, त्यात भर घालायची. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "पेवात कुणीतरी गातंय," तर "छे, काही नाही गात, वारा आहे" असं म्हणून त्यांचा फुगा फोडायचा नाही, "होय, आणि ते गाणं मी लहानपणी ऐकलंय" असं म्हणायचं. ज्याची कल्पना तिसऱ्यांदा उडवली जाते तो चौथ्यांदा तोंड उघडत नाही.

आणि मध्ये एक सुपारी ठेवा. कुणालाही एखादा प्रसंग नको वाटला, घरचं काही आठवलं, रडू आलं, तर त्यानं सुपारीला हात लावायचा, सीन तिथंच संपला, कारण विचारायचं नाही. आम्ही ती चार वर्षांत तीनदाच वापरली. पण ती तिथं आहे म्हणून लोक निवांत असतात. खेळ सुरू करण्याआधीच काय काय नको ते एकदा बोलून घ्या, आमच्यात जातीवरून टोमणे आणि लहान मुलांना मारहाण ह्या दोन गोष्टी गोष्टीतसुद्धा नाहीत.

आता लिखाण, जे लोक सोडून देतात आणि मग म्हणतात गेमचा काही उपयोग झाला नाही. गेम संपला की घरी जाऊन किंवा दुसऱ्या दिवशी, १५ मिनिटं, पात्राच्या तोंडून एक पत्र लिहायचं. मोबाईलवर नको, वहीत. गजर लावा. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. पुस्तकी मराठी आली की खोडा, "मला अत्यंत वाईट वाटले" असं द्वारकाआत्या कधीच म्हणणार नाही, ती म्हणेल "पोटात कालवलं बघ". मी पहिलं पत्र लिहायला बसले तेव्हा आत्या सावकाराला झापत होती, की हिशेबात घोळ तू केलास आणि बोट माझ्याकडं दाखवतोस, आणि अर्ध्या पानावर माझ्या लक्षात आलं की सावकार कुठला आलाय, हे तर सगळं मी साहेबांना बोलतेय. ऑफिसातलं ते प्रकरण मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बहिणीला पण नाही. आत्यानं सांगून टाकलं.

जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात कॉलेजच्या पोरांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनातलं जड काही लिहायला लावलं होतं. पुढच्या काही महिन्यांत त्या पोरांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. पण त्यात हे पण दिसलं की लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्तच उदास वाटत होतं. म्हणून रात्री झोपताना लिहू नका, संध्याकाळी लिहा आणि मग खाली जाऊन दूध आणा, कुणाशीतरी दोन शब्द बोला.

आठवडाभरानं ते पत्र परत काढायचं आणि त्यातलं एकच वाक्य निवडायचं जे तुम्हाला स्वतःला खरोखर कुठंतरी म्हणायचंय. ते आत्याच्या बोलीतून आपल्या बोलीत आणायचं. मग मोठ्यानं म्हणायचं, आधी भिंतीला, मग गच्चीवरच्या मंडळींना, आणि मग जिथं म्हणायचं तिथं. माझं वाक्य होतं "आधी दिवा सोडा". हसू नका. मीटिंगमध्ये एकदम मुद्द्यात उडी मारायची म्हटलं की माझा जीव गुदमरायचा, मग मी ठरवलं की आधी एक छोटं वाक्य खाली सोडून बघायचं: "सर, एक विचारू का?" एवढंच. ते म्हणाले, "विचारा की." दिवा विझला नाही. मग पुढचं बोलले, आवाज कापत होता, कागद पण हलत होता हातातला, पण आकडे सगळे बरोबर सांगितले. हे पहिल्या गेमनंतर सात महिन्यांनी, दोन रविवारात चमत्कार होईल असं कुणी सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय.

ज्यांना समोरासमोर बसणंच जमत नाही त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप करून लिहून खेळावं. दिवसाला एक मेसेज, पात्राच्या तोंडून. विचार करायला वेळ मिळतो, तोंड दिसत नाही. मेडिकलवाल्या काकांचं दुकान असल्यामुळं ते अर्धा वेळ असंच खेळतात, गिऱ्हाईक गेलं की एक ओळ. पण मग महिन्यातनं एकदा तरी व्हॉईस मेसेज पाठवायचा असं ठरवून घ्या, नाहीतर माणूस टायपिंगमध्येच शूर होतो. आणि अनोळखी लोकांच्या ग्रुपमध्ये खेळत असाल तर स्वतःचं नाव, फोटो, पत्ता, कॉलेज काही सांगायचं नाही.

काय बिघडू शकतं ते पण सांगते. एक, पात्राचा राग माणसाला चिकटतो. सावकार आणि आत्या भांडले आणि मी मावसभावाशी दोन दिवस बोलले नाही, हे झालंय. त्यावर उपाय म्हणून शेवटची दहा मिनिटं पात्रं बाजूला ठेवून, खऱ्या नावानं, आज काय आवडलं एवढंच बोलायचं. दोन, काही जण पात्रातून बाहेरच येत नाहीत, घरी आईनं हाक मारली तरी नावाड्याच्या आवाजात उत्तर, आणि रोजचं बोलणं होतं तेवढंच. त्यांना लिखाणाची पायरी करायला लावा, आडोशातनं बाहेर यायची वाट तिथून आहे. तीन, घरचे लोक. आई म्हणाली हे काय भुताखेताचं घेऊन बसलात गच्चीवर. तिला काय नावं ठेवायची, अमेरिकेत १९८० च्या दशकात आईबापांनी ह्याच गेमला सैतानी म्हणून केवढी बोंब मारली होती. आईला आम्ही एकदा पाटलीणबाई केलं, आता ती चहा देताना विचारते, त्या सावकाराचं काय झालं रे.

आणि हे औषध नाही. बाहेर जायचं म्हटलं की छातीत धडधडतं, उलटी येते, कॉलेज-नोकरी सोडायची वेळ आलीये, असं असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचार डॉक्टर गाठा. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. फोन करायचीच भीती असेल तर काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून समोर ठेवा, मी पहिले कितीतरी फोन असेच केलेत.

सुरुवात कुठून करायची असं सगळे विचारतात, तर पहिल्या रविवारी पेव-बिव काढू नका, अर्ध्या तासाचा एकच प्रसंग घ्या. एसटी स्टँडवर कंडक्टरनं सुटे नाहीत म्हणून तुमचे १५ रुपये ठेवून घेतलेत आणि मागे लायनीतली माणसं "चला हो पुढं" करतायत. एक जण कंडक्टर, एक जण लायनीतला तापट म्हातारा, आणि जो सगळ्यात बुजरा असेल त्याला प्रवासी करू नका, त्याला म्हाताऱ्याचं काम द्या. त्याला फक्त ओरडायचंय, ते सोपं असतं.